पलटणीच्या गावचा सॅक्सोफोन

निजामाची हद्द जेथे संपे आणि वऱ्हाडाचा मुलूख जेथे सुरू होई, त्या सीमेवर हिंगोली हे गाव वसलेले आहे. आणि औंढ्याचे ज्योतिर्लिंग, नर्सीचे नामदेव व हळदीचा बाजार या कारणांनी बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असले, तरी सॅक्सोफोन नावाच्या पितळी वाद्यासाठी कोणी तेथवर वाट वाकडी करून जाईल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. मी मात्र तेवढ्यासाठीच गेलो. हे वाद्य मी पुष्कळ वर्षे वाजवीत आलो आहे, आणि वाजवता वाजवता त्याच्या भिन्न भिन्न जाती जमविण्याचा नादही मला लागला आहे. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात, गोव्यातील जुन्या घरांत, जुन्या सामानाच्या लिलावांत अशी वाद्ये अजून हाती लागतात. परंतु ती बहुतेक पेटीत निजलेली असतात, त्यांच्या चाव्या ताठरलेल्या आणि पॅडे वाळून कडक झालेली असतात. जे वाद्य लग्नसराईत रोज भर उन्हात उभे राहून एका कुटुंबाचे पोट भरते, त्याचा आवाज ऐकावा, त्याची डागडुजी कशी होते ते पाहावे, आणि ज्यांच्या हातांत ते आहे त्या मंडळींशी दोन घटका बोलावे, ही इच्छा फार दिवसांची होती. मराठवाड्यातील बँडपथकांविषयी एका स्नेह्याने जे सांगितले होते ते तिला निमित्त झाले, आणि वैशाखाच्या आरंभी मी निघालो.

मनमाडहून सिकंदराबादेकडे गोदावरीच्या खोऱ्यातून जाणारा जो लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात घातला गेला, त्यावरील पूर्णा जंक्शनास उतरून वसमतमार्गे अकोल्याकडे जाणारी गाडी धरावी लागते. हा फाटा एके काळी मीटरगेज होता. आता रूळ रुंद झाले आहेत, पण स्थानकाच्या फलकावर 'हिंगोली डेक्कन' हे जुने नाव अद्याप टिकून आहे. रब्बी निघून गेल्यामुळे दोन्ही बाजूंची काळी जमीन उघडी पडली होती. मधूनच एखाद्या मळ्याच्या खळ्यावर शिजवून वाळत घातलेली हळद पिवळीधमक दिसे. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी मोठ्या आस्थेने सांगत होते की, या भागात हळदीची पट्टी हाती आली म्हणजे मग लग्नाचा बार उडतो, तोवर मुलीचा बाप तारीख धरीत नाही. बँडवाल्यांचे वर्षही या पिकाच्या पंचांगावर चालते, हे त्यांच्या बोलण्यातून मला प्रथम कळले.

गावात पाऊल टाकताच जी मोहल्ल्यांची नावे कानी पडू लागली, त्यांनी मला जागच्या जागी थांबविले. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार! निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली वागणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची जी फौज होती, तिच्या छावण्यांपैकी एक येथे होती. तिच्या खर्चाच्या पोटी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला, आणि पुढे १९०२ च्या करारानंतर ती फौज हिंदी सैन्यात विलीन होऊन छावणी उठली. घोडेस्वार गेले, तोफा गेल्या, निवृत्तिवेतन घेऊन राहिलेले शिपाई कालवश झाले; नावे मात्र गावाच्या अंगाला कायमची चिकटून राहिली. या नावांनी मी इतका का चकित व्हावा, हे सांगण्यासाठी सॅक्सोफोनाचा जन्मवृत्तान्त थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे.

बेल्जममधील दिनां या गावी १८१४ साली जन्मलेला अदोल्फ साक्स हा वाद्यकाराचा मुलगा पॅरिसला गेला तेव्हा लष्करी बँडांची स्थिती त्याला मोठी विषम दिसली. कर्णे आणि तुताऱ्या यांचा नाद मैदानात दूरवर जाई, पण त्यात मार्दव नसे. क्लॅरिनेट आणि बासरी यांत मार्दव होते, पण उघड्या आकाशाखाली त्यांचा आवाज विरून जाई. या दोन गटांमधील दरी भरून काढणारे वाद्य त्याला हवे होते. त्याने पितळेची नळी घेतली, ती निमुळती, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि पुढे क्रमाने रुंद होत जाणारी केली, आणि तिच्या मुखाशी क्लॅरिनेटची एकेरी वेताची पत्ती बसविली. १८४५ साली पॅरिसच्या कवायतीच्या मैदानावर त्याच्या वाद्यांच्या पथकाची जुन्या धर्तीच्या पथकाशी जाहीर चुरस झाली, लोकांनी कौल त्याच्या बाजूने दिला, आणि फ्रेंच फौजेच्या बँडांत त्याच्या वाद्यांचा शिरकाव झाला. पुढच्याच वर्षी त्याला सॅक्सोफोनाची सनद मिळाली. त्या सनदेत एक नव्हे, चौदा आकारांची दोन कुळे होती: सात वाद्यवृंदासाठी, सात लष्करी बँडासाठी. वाद्यवृंदाचे कुळ जवळजवळ निर्वंश झाले; आज जगभर जे वाजते ते लष्कराचे कुळ होय. प्रतिस्पर्ध्यांनी घातलेले खटले लढता लढता साक्सचे पुन्हा पुन्हा दिवाळे निघाले आणि १८९४ मध्ये तो विपन्नावस्थेत वारला. फौजेसाठी जन्मलेले हे वाद्य फौजेच्या मोहल्ल्यांत भेटावे, याचे मला किती अप्रूप वाटले असेल, याची वाचकाने कल्पना करावी.

या कुळातील भावंडांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची तर हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या आधारे देणेच सोयीचे. सोप्रानो हा सरळ नळीचा, उंच स्वराचा. त्याचा षड्ज काळी पाच. त्याखाली आल्टो, षड्ज काळी दोन. त्याखाली टेनर, पुन्हा काळी पाच, पण सोप्रानोच्या एक सप्तक खाली. आणि त्याखाली बॅरिटोन, पुन्हा काळी दोन. चारही वाद्यांवर बोटे ठेवण्याची पद्धत एकच, पण एकाच बोटाला निघणारा स्वर पाळीपाळीने बदलतो; टेनरवर ज्या बोटांनी षड्ज निघेल त्याच बोटांनी आल्टोवर त्याचा मध्यम निघतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या पहिल्या तारेवर पंचम किंवा मध्यम लावून षड्जाशी त्याचा जो संवाद साधतात, तो या कुळात वडील आणि धाकट्या भावंडांमध्ये जन्मतःच आहे. यांखेरीज १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघर पसरलेला सी-मेलडी नावाचा एक प्रकार होता. त्याचा षड्ज पांढरी एक. पियानोसमोर बसलेल्या बहिणीच्या वहीतून भावाने स्वरांची उलटापालट न करता थेट वाजवावे, ही त्याची सोय. आर्थिक मंदीच्या लाटेत तो वाहून गेला आणि आज केवळ संग्राहकांच्या कपाटात उरला आहे. माझ्याकडे तो आहे, आणि हार्मोनियमच्या साथीला त्याच्याइतका सोयीचा दुसरा सॅक्सोफोन नाही, असे माझे अनुभवान्ती मत आहे. बॅरिटोनही आहे, पण तो सुमारे सहा किलो वजनाचा असल्यामुळे प्रवासात बरोबर नेणे कठीण. या खेपेस मी आल्टो आणि सोप्रानो एवढेच घेतले होते.

बाजारपेठेच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीला लागून, ज्या पथकाचा पत्ता मला मिळाला होता त्याची खोली होती. दारावर रंगीत फलक, आत खुंट्यांवर टांगलेले जरीच्या फितींचे लाल कोट, कोपऱ्यात एकावर एक रचलेले साइड ड्रम, भिंतीला टेकविलेला मोठा ढोल, आणि खाटेवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला आल्टो. बँडमास्तर साठीच्या पुढचे, अत्यंत अगत्यशील गृहस्थ होते. मी माझी पेटी उघडून दाखविली तेव्हा त्यांनी वाद्याला हात लावण्यापूर्वी हात धुतले. पुढची सारी दुपार आम्ही दोघे त्या खोलीत बसून होतो, आणि सॅक्सोफोनाविषयी पुस्तकांतून जे मला कधी कळले नव्हते ते मी तेथे ऐकले.

"आजा सनई वाजवायचा, बाप क्लॅरिनेट वाजवायचा, मी ह्ये धरलं," असे सांगून त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास एका वाक्यात संपविला. मी विचारले, सनईवरून क्लॅरिनेटवर आणि तेथून सॅक्सोफोनवर येताना बोटांना त्रास पडत नाही काय? त्यावर ते म्हणाले, "क्लॅरिनेटवर वरच्या सप्तकात गेलं की बोटं बदलावी लागत्यात, साहेब. बापाला लई जड गेलं. ह्याच्यावर अंगठ्यानं मागची चावी दाबली की खालची बोटं तशीच वर चालत्यात. सनईवाल्याला ह्ये घरचं वाटतंय."

हे वाक्य ऐकून मी काही वेळ स्तब्ध राहिलो. क्लॅरिनेटची नळी आरंभापासून शेवटपर्यंत सारख्याच रुंदीची असते, म्हणून जोर देऊन फुंकले असता तिचा स्वर सप्तक ओलांडून थेट बाराव्या स्वरावर, म्हणजे वरच्या पंचमावर उडी घेतो; उलट निमुळत्या नळीचा स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. सनई निमुळती आहे, सॅक्सोफोनही निमुळता आहे. ध्वनिशास्त्राच्या ग्रंथांत हा नियम समीकरणांसहित दिलेला असतो. हिंगोलीच्या या कुटुंबाने तो तीन पिढ्यांच्या बोटांनी पडताळून पाहिला होता. लाकडाची सनई आणि पितळेचा सॅक्सोफोन यांची वंशावळ भिन्न असली तरी त्यांच्या देहाची घडण एक आहे, आणि म्हणूनच मराठवाड्यात हे वाद्य परके राहिले नाही, असे मला तेव्हापासून निश्चित वाटू लागले आहे.

मास्तरांचा आल्टो मी हातात घेऊन निरखला. वरचे रोगण केव्हाच उडून गेले होते आणि पितळ जागोजाग काळवंडले होते, परंतु कर्ण्यावरील कोरीव कामात एल्कहार्ट या अमेरिकेतील गावाचे नाव स्पष्ट वाचता येत होते; म्हणजे तो तेथल्या कारखान्यांपैकी एकाचा, बहुधा कॉन कारखान्याचा होता. अंगठ्याच्या आधाराजवळ क्रमांक होता आणि त्याखाली 'एल' हे एक अक्षर. जुनी वाद्ये जमविणाऱ्याने हे अक्षर प्रथम पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक बँडांचा स्वर आजच्यापेक्षा बराच चढा असे, आणि कारखाने चढ्या व उतरत्या अशा दोन्ही स्वरांची वाद्ये बनवीत. 'एल'चे वाद्य आजच्या ४४० कंपनांच्या मेळात बसते, 'एच'चे कितीही सुंदर असले तरी दुसऱ्या कोणत्याही वाद्याशी जुळत नाही आणि केवळ शोभेचे होऊन बसते. मास्तरांच्या वडिलांनी हा आल्टो हैदराबादेत जुना म्हणून विकत घेतला होता. इंडियाना प्रांतातील कारखान्यातून तो तेथवर कोणत्या वाटेने आला असेल, याचा कागद कोणाजवळ नाही; तथापि १९३० च्या दशकापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणि मोठ्या शहरांच्या नृत्यगृहांत जाझ वाजविणारी पथके होती, गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले वादक त्यांत भरलेले होते, मिकी कोरिया यांचे पथक ताजमध्ये १९३९ पासून दोन दशके वाजत होते, आणि अशा पथकांची वाद्ये कालांतराने जुन्या बाजारात येत.

भारतीय लग्नाच्या बँडाचा इतिहासही छावणीपासून सुरू होतो. पलटणींतून निवृत्त झालेल्या वादकांनी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांनी गावोगाव खाजगी पथके उभारली; मेरठच्या जली कोठी भागात नादिर अली यांची पेढी १८८५ पासून बँडाच्या व्यवसायात आहे, आणि देशभरच्या पथकांना तुताऱ्या-कर्णे पुरविणारा तो बाजार आजही चालू आहे. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने या पथकांवर 'ब्रास बाजा' हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध केला. आपल्या भाषेत मात्र या विषयावर कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, आणि ज्यांच्या वाजविण्यावाचून आपल्या घरचे एकही लग्न पार पडत नसे त्यांच्याविषयी आपण इतके उदासीन असावे, याचे मला वाईट वाटते.

त्या दुपारी एका चावीचे पॅड निखळले होते; ते बसविण्याचे काम मास्तरांनी माझ्यासमोर केले. पॅड म्हणजे नमद्याच्या चकतीवर चढविलेले पातळ चामडे. चावी खाली आली की ते छिद्रावर घट्ट बसते आणि हवा कोंडली जाते. ही चकती चावीच्या वाटीत चिकटविण्यासाठी त्यांनी लाखेची कांडी स्पिरिटच्या दिव्यावर धरून वितळविली, दोन थेंब वाटीत सोडले, पॅड ठेवले, आणि चावी छिद्रावर दाबून लाख थंड होईपर्यंत एक श्लोक म्हणण्याइतका वेळ थांबले. युरोप-अमेरिकेतील कारागीरही हे काम परंपरेने लाखेनेच करीत आले आहेत, आणि ही लाख पूर्वापार प्रामुख्याने हिंदुस्थानातूनच जगभर जात आली आहे. साक्सच्या वाद्याची प्रत्येक चावी आपल्या अरण्यातील किड्याच्या श्रमाने मिटते, हे मी मास्तरांना सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. पत्तीची अडचण मात्र मोठी आहे. ती ज्या वेतापासून होते तो उत्तम प्रतीचा वेत दक्षिण फ्रान्समध्ये पिकतो, आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्ती वाळून वाकडी होते. म्हणून मास्तर ती ओल्या फडक्याच्या पुरचुंडीत ठेवतात आणि एकेक पत्ती कित्येक सुपाऱ्यांना पुरवून वापरतात.

मग त्यांनी वाजविले. प्रथम माझा सोप्रानो हाती घेतला, कारण तो दिसायला सनईच्या घाटाचा, परंतु चार आवर्तने झाल्यावर खाली ठेवून ते म्हणाले, "दिसतंय सनईवानी, पण गळा आल्टोलाच हाय." मला त्यांचे मत मान्य आहे. सोप्रानोचा स्वर सांभाळणे अवघड असते, ओठांचा दाब किंचित बदलला तरी तो चढतो-उतरतो. आणि आल्टोचा पल्ला, जो सुमारे अडीच सप्तकांचा, तो माणसाच्या कंठाच्या पल्ल्याशी अधिक जवळचा आहे. आपल्या आल्टोवर त्यांनी भूपाचे आरोह-अवरोह घेतले, मग एका जुन्या नाट्यपदाची चाल. चाव्यांच्या वाद्यावर मींड कशी निघते, ही मला सदैव सतावणारी गोष्ट. चावी एकतर उघडी असते नाहीतर बंद, मधली श्रुती तेथे नाहीच. मास्तर ती बोटांनी काढतच नव्हते. खालचा ओठ पत्तीवर सैल सोडून आणि कंठ आतून रुंद करून ते गंधारावरून ऋषभावर असे उतरत की मधला एकही स्वर तुटलेला ऐकू येत नसे. "बोटं नुसती वाट दावत्यात, बाकी समदं व्हटावर हाय," एवढेच स्पष्टीकरण त्यांनी दिले. मी टेनर बरोबर आणला नव्हता याची मला तेव्हा फार खंत वाटली. त्यांच्या षड्जाखाली त्याचा खर्ज लावता आला असता.

दुसऱ्या दिवशी सेनगावच्या बाजूस एका गावी त्यांची सुपारी होती, आणि मी त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून गेलो. वाटेत नर्सी लागते. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेल्या या गावी कयाधूच्या काठी त्यांचे मंदिर आहे. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातील भाविकही येथे येतात. टेम्पोतील सर्व मंडळींनी, त्यांत दोन मुसलमान वादकही होते, रस्त्यावरूनच हात जोडले.

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला तेव्हा ऊन माथ्यावर होते. नवरदेव घोड्यावर, पुढे मुले नाचत, त्यांच्यापुढे बँड, आणि सर्वांच्या पुढे हातगाडीवर कर्णे व इलेक्ट्रॉनिक पेटी घेऊन एक पोरगा. येथे मी एक चमत्कारिक द्वंद्व पाहिले. हवा तापली की तिच्यातून ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकून वाजविण्याचे प्रत्येक वाद्य आपोआप चढे लागते. विजेच्या पेटीला मात्र उन्हाशी काही कर्तव्य नसते, तिचा स्वर होता तेथेच राहतो. त्यामुळे मारुतीच्या देवळापर्यंतच्या त्या थोड्याशा वाटेत मास्तरांनी आपल्या आल्टोचे मुखपात्र मानेवरील बुचाच्या पट्टीवर अनेकदा किंचित बाहेर ओढले, नळीची लांबी तेवढी वाढविली, आणि स्वर पुन्हा पेटीशी आणून मिळविला; आणि हे सर्व एका कडव्याच्या अखेरीस श्वास घेण्याच्या फुरसतीत, नाचणाऱ्या पोरांना कळूही न देता. थंड सभागृहात खुर्चीवर बसून वाजविणाऱ्या मला हे कौशल्य अपरिचित होते. त्यांचा आल्टो तेथे जो बोलला, तो माझ्या ऐकिवातील कोणत्याही ध्वनिमुद्रित सॅक्सोफोनापेक्षा मला अधिक सजीव वाटला. रूक्ष, किंचित घोगरा, पण दूरवर जाणारा. पितळेची ताकद आणि वेताची आर्द्रता एकत्र आणण्याची साक्सची जी मूळ आकांक्षा, ती मोकळ्या रानात पुरी होताना मी प्रथमच ऐकली.

परण्या मांडवाच्या दाराशी पोहोचला, नवरदेव आत गेला, आणि बँड बाहेर राहिला. हा शिरस्ता आहे. वाजंत्र्याने दारापर्यंत यावे आणि तेथे थांबावे. मंडळींनी कोट काढून कडुलिंबाच्या सावलीत अंग टाकले. पंगती उठून गेल्यावर त्यांना जेवायला बोलावणे आले. पूर्वी एका लग्नाला वीस-बावीस माणसांचे पथक लागे, आता बहुतेक यजमान डीजेची भिंत मागवितात आणि बँड केवळ परण्यापुरता सात-आठ माणसांचा सांगतात, असे मास्तर म्हणाले. तक्रारीचा सूर त्यांच्या बोलण्यात नव्हता. पण गेल्या वर्षी त्यांचा युफोनियमवाला कारखान्यात नोकरी धरून पुण्याला गेला, तेव्हापासून पथकाला खालचा आवाज उरलेला नाही, हे सांगताना त्यांनी दोनदा मान हलविली.

परतताना मी औंढ्याला गेलो. यादवकालीन शिल्पांनी भरलेल्या त्या देवालयाविषयी जी कथा परंपरेने सांगतात ती सर्वश्रुत आहे: नामदेव दाराशी कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूस जाण्यास फर्माविले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, नंदी जेथे होता तेथेच, म्हणजे आता पाठीमागे, राहिला. सभामंडपात बसलो असता ही कथा मला आदल्या दिवशीच्या मांडवापासून वेगळी काढता येईना.

दक्षिणेत या वाद्याच्या बाबतीत देऊळ खरोखरच फिरले आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यात १९४९ मध्ये जन्मलेले कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वर वाजवीत. नागस्वर हे सनईसारखेच निमुळत्या नळीचे मंगलवाद्य. गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडात सॅक्सोफोन ऐकला, त्याने ते भारावून गेले, आणि दीर्घ साधनेने त्यांनी कर्नाटक संगीतातील गमके त्या पितळी नळीतून काढली. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात ते वाजविते झाले, २००४ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले, आणि २०१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले तोवर त्यांच्या प्रदेशात सॅक्सोफोन हे देवळातील उत्सवाचे आणि मंगलकार्याचे वाद्य होऊन गेले होते. आजोबांची सनई आणि नातवाचा आल्टो हा हिंगोलीचा मार्ग आणि वडिलांचे नागस्वर आणि मुलाचा आल्टो हा मंगळुराकडचा मार्ग यांत तत्त्वतः काय अंतर आहे? तेथे एका विद्वानाने त्या वादकाला शिष्य म्हणून जवळ बसविले, सभांनी त्याला व्यासपीठ दिले. येथे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मनोहारी सिंग यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकाच्या ओठांतून हेच वाद्य घरोघर पोहोचले असूनही, आमच्या संगीतसभांनी त्याला अद्याप परण्यापुढेच उभे ठेवले आहे. आमच्याकडील एखाद्या संगीतमंडळाने आपल्या वार्षिक उत्सवात एक संध्याकाळ या बँडमास्तरांपैकी एकाला, तबला-तंबोऱ्याच्या साथीने, बसून वाजविण्यासाठी द्यावी, असे मी या लेखाच्या निमित्ताने मनापासून सुचवितो. श्रोत्यांच्या भूपाविषयीच्या समजुतीत काही भर पडेल, याची मला खात्री आहे.

निघण्यापूर्वी मी मास्तरांना त्यांच्या आल्टोविषयी विचारले. संग्राहकाचा तो धर्मच आहे. माझा नवा जपानी आल्टो आणि वर रोख रक्कम देण्याची माझी तयारी होती. त्यांनी माझे वाद्य पुन्हा एकदा वाजवून पाहिले, त्याच्या हलक्या चाव्यांची तोंडभरून स्तुती केली, आणि म्हणाले, "चांगलं हाय साहेब, लई चांगलं. पण ह्ये इकलं तर बापाचा हात इकल्यावानी होईल." मी तो विषय तेथेच सोडला. त्याऐवजी, घरी कपाटात पडून असलेला बॅरिटोन त्यांच्या युफोनियमच्या जागी चालेल काय, असे मी विचारले. षड्ज आल्टोचाच, काळी दोन, फक्त एक सप्तक खाली, म्हणजे बोटे बदलण्याचे कारण नाही. वजन मात्र भारी, त्याला गळ्यातील पट्टा पुरणार नाही, दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा लागेल. त्यांचा पुतण्या ढोल वाजवीत होता. त्याला मी माझ्या आल्टोवर सा-रे-ग-म काढायला लावले. श्वास लांब होता, स्वर सरळ होता.

पाऊस सुरू झाल्यावर मी तो बॅरिटोन एस.टी.च्या पार्सलने हिंगोलीस पाठविला. बरोबर पत्त्यांची एक डबी, लाखेच्या दोन कांड्या आणि चांभाराकडून शिवून घेतलेला खांद्याचा पट्टा. श्रावणात फोन आला की खालचे दोन स्वर बोलत नाहीत. कर्ण्याजवळच्या मोठ्या चावीचे पॅड प्रवासात सरकले असावे, अंधारात नळीत दिवा सोडून प्रकाश कोठून गळतो ते पाहा, असे मी कळविले. गळती सापडली, पॅड लाखेने पुन्हा बसविले गेले. हिंगोलीच्या दसऱ्याची जत्रा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि रामलीला मैदानावर त्या दिवसांत अलोट गर्दी लोटते; त्या दिवसांतील एका मिरवणुकीत पुतण्याने तो बॅरिटोन प्रथम वाजविला. सर्वांत खालच्या स्वराला अजून थोडी हवा सुटते, त्या मापाचे पॅड हिंगोलीस मिळत नाही, म्हणून ते मी मुंबईहून मागविले आहे.